पर्सन-सेंटर्ड म्हणजे नक्की करायचं काय? खोलीत सासू, हातात पंधरा मिनिटं आणि बाहेर लाईन

एका नवीन काउन्सेलरने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून तालुक्याच्या ठिकाणी काउन्सेलर म्हणून लागून सहा महिने झालेत, ट्रेनिंगमध्ये पर्सन-सेंटर्ड (आलेल्या माणसाला मधे ठेवून) आणि इन्क्लुझिव्ह (कोणालाही न वगळता) हे दोन शब्द भरपूर ऐकले, आणि प्रत्यक्षात एका बाईबरोबर चार माणसं खोलीत शिरतात, पहिलंच वाक्य "तुम्हीच समजवा हिला" आणि एकेकाला मिळतात पंधरा मिनिटं. मग ते पुस्तकातलं करायचं कसं? आणि "ताई तुम्हीच सांगा मी काय करू" म्हणणाऱ्याला आपण फक्त "तुम्हाला काय वाटतं" एवढंच विचारत राहायचं का?

मी या कामात २००२ पासून आहे. सुरुवात एचआयव्ही तपासणी केंद्रात झाली, मग आत्महत्या झालेल्या शेतकरी कुटुंबांबरोबर काम, आणि गेली बरीच वर्षं बीड-धाराशिव पट्ट्यात ऊसतोड कुटुंबांबरोबर. खाली जी माणसं येतील त्यांचे तपशील बदललेत, काही ठिकाणी दोघांचं मिळून एक केलंय, त्यामुळे कोणी ओळखू यायचं कारण नाही.

तर आधी सरळ उत्तर. नाही, नुसतं विचारत राहायचं नाही. पर्सन-सेंटर्डचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावलाय की गाडीचा कासरा त्या माणसाच्या हातात राहिला पाहिजे, आपण शेजारी बसायचं, रस्ता माहीत असेल तर सांगायचा, खड्डा दिसला तर दाखवायचा, आणि बैल विहिरीकडं निघाले तर ओरडायचंसुद्धा. पण कासरा ओढून घ्यायचा नाही. आपल्या लोकांना कासरा ओढून घ्यायची फार हौस असते, मलाही होती.

त्यात आपल्याकडं "समुपदेशन" या शब्दातच उपदेश बसलाय. त्यामुळे लोक येऊन "चांगलं चार शब्द सांगा" म्हणतात त्यात त्यांचं काय चुकलं, पाटीवरच तसं लिहिलंय. मी केंद्राच्या दारावर "बोलण्याची खोली" असा कागद लावला होता, तो वरच्या साहेबांनी काढायला लावला, म्हणे ऑफिशियल वाटत नाही. असो.

हे सगळं ज्याच्या नावानं शिकवतात तो कार्ल रॉजर्स (१९०२ ते १९८७) अमेरिकन सायकॉलॉजिस्ट होता. त्याने आधी या पद्धतीला नॉन-डायरेक्टिव्ह म्हणलं, मग क्लायंट-सेंटर्ड, मग शेवटी पर्सन-सेंटर्ड. नाव बदलत गेलं त्यातच गंमत आहे, कारण पहिल्या नावावरून लोकांनी समज करून घेतला की काउन्सेलरने फक्त हुंकार भरायचे, आणि तो समज अजून गेलेला नाहीये. त्याच्या १९५७ च्या लेखातल्या ज्या तीन गोष्टी ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतात, म्हंजे समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, कसलीही अट न घालता त्याला स्वीकारणं आणि आपण स्वतः खरं असणं, त्यातली तिसरी कोणी नीट शिकवतच नाही. खरं असणं म्हणजे मला समजलं नसेल तर "मला नाही समजलं, परत सांगा" म्हणणं, आणि "मला तुमची काळजी वाटतेय" हे तोंडाने बोलणं. हुंकार देणारा माणूस खरा वाटत नाही हो, गावाकडच्या बाईला तर लगेच कळतं की ही वरवरचं ऐकतीये.

माझी पहिली चूक सांगते म्हणजे मुद्दा कळेल. २००३ ची गोष्ट असेल. चोवीस-पंचवीस वर्षांची बाई, नवरा दोन महिन्यांपूर्वी गेलेला, सासरच्यांनी चिठ्ठी देऊन एकटीला तपासणीला पाठवलेलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी शिकवल्याप्रमाणे फ्लिपचार्ट उघडला, व्हायरस म्हणजे काय, कसा पसरतो, कसा पसरत नाही, आहार काय घ्यायचा, सगळं मनापासून सांगत होते आणि ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. मी मनात म्हणलं ही डिनायलमध्ये आहे, म्हंजे झालंय ते मानायलाच तयार नाही, रजिस्टरमध्ये तसं लिहिलंसुद्धा. शेवटी ती म्हणाली, "ताई, साडेचारची गाडी गेली तर मला रात्रभर स्टँडवर बसावं लागंल, पोरगं शेजारणीपाशी ठिवलंय." झालं. तिच्या डोक्यात पोरगं आणि एसटी, आणि मी तिला व्हायरसचं चित्र दाखवतीये. नंतर खूप विचार केल्यावर लक्षात आलं की एचआयव्हीवरची सरकारी मोफत एआरटी औषधं सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये, त्याआधी माझ्याकडं द्यायला माहितीशिवाय दुसरं काही नव्हतंच, म्हणून मी माहितीला धरून बसले होते. ती माहिती देणं ही माझी गरज होती, तिची नव्हती. तेव्हापासून कोणीही आलं की माझा पहिला प्रश्न "परत जायची गाडी कितीची?" आणि दुसरा "आज इथनं जाताना कुठली एक गोष्ट झाली तर येणं कामी आलं असं वाटेल?" पंधरा मिनिटांतली दोन मिनिटं यात जातात, पण उरलेली तेरा वाया जात नाहीत.

आता चार माणसं खोलीत येतात त्याचं. पुस्तकात क्लायंट एकटा खुर्चीत बसलेला असतो, आपल्याकडं नसतो, आणि याला अडचणच समजायचं का हा मला प्रश्न आहे. ती माणसं म्हणजे तिचं जगच आहे, घरी जाऊन तिला त्यांच्यातच राहायचंय. पण त्यांच्यासमोर ती बोलणार नाही हेही तितकंच खरं. मी काय करते, तर "आमच्याकडं पद्धतच आहे, आधी प्रत्येकाशी एकेकट्याशी बोलते, मग सगळे मिळून बसू" असं सांगते. सगळ्यांना एकच नियम, त्यामुळे "आम्हालाच का बाहेर काढलं" असं होत नाही. आणि बाहेर बसलेल्याला नुसतं बसवून ठेवायचं नाही, कायतरी काम द्यायचं, नर्सबाईंकडं बीपी बघायला पाठवायचं, पाणी विचारायचं.

एक सासूबाई होत्या. सून बोलत नाही, जेवत नाही, रात्री उठून अंगणात जाऊन बसते म्हणून घेऊन आलेल्या. दोन भेटी त्या स्वतःच बोलल्या, सून मान खाली घालून. तिसऱ्या भेटीला मी त्यांना बीपीला पाठवलं तर निघालं १७०/१००. परत आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या माणसाचं पण बघता का हो तुम्ही?" मला अंगावर काटा आला, कारण रॉजर्सच्याच आयुष्यात हुबेहूब असं झालेलं आहे. तो रोचेस्टरला मुलांच्या क्लिनिकमध्ये काम करत होता, एका मुलाची आई काही केल्या ऐकत नव्हती, दोघांनी मिळून ठरवलं की आता हे थांबवू, ती दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं की इथं मोठ्या माणसांचं काउन्सेलिंग करता का, आणि मग तिने स्वतःचं सगळं सांगितलं. मुलाचं वागणंही त्यानंतर सुधारत गेलं. माझ्या सासूबाई बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, दोन पोरं पाठीला बांधून बारा हंगाम ऊस तोडलेला, आणि सुनेला "काय झालंय एवढं रडायला" हे ज्या आवाजात म्हणायच्या तो त्यांनी आयुष्यभर स्वतःलाच ऐकवलेला आवाज होता. त्यांना त्यांची वेगळी वेळ दिली, पुढच्या भेटीला त्यांनी सुनेला एकटीला पाठवलं. इन्क्लुझिव्हमध्ये सासूसुद्धा येते हे आपण विसरतो, कारण आपल्या डोक्यात ती आधीच व्हिलन असते.

पण एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. घरात मारहाण असेल तर एकत्र बसवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. खोलीत ती जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते. "समेट" घडवला की आपल्या रिपोर्टला बरं दिसतं, म्हणून हा मोह फार होतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, हे तिला माहीत करून द्यायचं, आणि कधी वापरायचं ते तिच्यावर सोडायचं. ती म्हणाली "आत्ता नको" तर आत्ता नको. फक्त अंगावर रात्री वेळ आलीच तर कुठल्या घरी पळायचं आणि कागदपत्रं कुठं ठेवायची एवढं तिच्याबरोबर ठरवून ठेवायचं.

"तुम्हीच सांगा काय करू" याचं मी असं बघते की त्यात दोन वेगळे प्रश्न असतात. एक म्हणजे माहिती पाहिजे असते, ती खुशाल द्या, लपवून ठेवू नका, "तुम्हाला काय वाटतं" म्हणून बाईला कायदा थोडाच कळणार आहे? दुसरा म्हणजे निर्णय, आणि तो तिचाच. मधे एक जागा असते, जिथं तिला स्वतःलाच स्वतःचं कळत नसतं, तिथं आपलं खरं काम. मी चिंचोके ठेवते टेबलावर, बरणीभर. पीआरएवाल्यांची, म्हंजे गावकऱ्यांना बरोबर घेऊन गावाची पाहणी करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे, लिहिता-वाचता न येणाऱ्यांबरोबर तर सोन्यासारखी. चार-पाच कागद मांडायचे, एकावर दारूची बाटली काढायची, एकावर पैसे, एकावर पोरं, एकावर दुखणं, आणि सांगायचं ज्याचा त्रास जास्त तिथं जास्त चिंचोके टाका. एका बाईचा नवरा रोज पिणारा, मी असते तर सगळे चिंचोके बाटलीवर टाकले असते, तिने टाकले पोरीच्या शाळेवर. का, तर दिवाळीनंतर कारखान्याला गेलं की सातवीतल्या पोरीला बरोबर न्यावं लागणार, मग शाळा सुटली की दोन वर्षांत लग्न. दारूचं ती म्हणाली "त्याचं आता सवयीचं झालंय". मग आम्ही हंगामी वसतिगृहाच्या मागे लागलो, पोरगी गावात राहिली. दारूचं पुढच्या वर्षी तिनेच काढलं, तिच्या वेळेनं. मी आधीच व्यसनमुक्तीचं पत्रक हातात दिलं असतं तर ती परत आली असती का, मला नाही वाटत.

शरीराचं सांगायचं राहिलं, आणि हे माझ्या हातून फार उशिरा सुधारलं. आपण मनाचे लोक, त्यामुळे सगळं मनावर घेतो. "अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, उगंच रडू येतं, चिडचिड होते" असं बायका सांगायच्या आणि मी लिहायचे अँक्झायटी, दीर्घ श्वास शिकवायचे. एकीने तिसऱ्या भेटीत सहज म्हणलं, "पिशवी काढल्यापासून असं हाय." वय तीस. तुम्ही या भागात काम करत असाल तर हे ऐकलं असेल, २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत काम होत नाही, खाडा पडला की पैसे कापतात, अंगावरून जातंय म्हणून डॉक्टरकडं गेलं की "काढून टाका, कटकट नको". कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघं मिळून एक, एकाने सुट्टी घेतली तर दोघांचा खाडा. उचल, म्हंजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. अशा बाईचे अंडाशयही काढले असतील तर एकदम पाळी जाण्याचा सगळा त्रास तिशीत सुरू होतो, आणि तिला मी दीर्घ श्वास शिकवत होते! तेव्हापासून मी ऑपरेशन, पाळी, झोप, बीपी, थायरॉईड हे आधी विचारते आणि डॉक्टरकडं पाठवताना नुसती चिठ्ठी देत नाही, काय विचारायचं ते तिच्याबरोबर बोलून घेते, कारण डॉक्टरपुढं तिचं तोंड उघडत नाही.

आपल्या कामाला सायकोसोशल (मनाचं आणि समाजाचं मिळून) म्हणतात, त्यातलं सोशल म्हणजे हेच. आत्महत्या झालेल्या घरांमध्ये हे फार उघडं दिसतं. मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, पण त्याआधी जिल्ह्याची समिती ठरवणार प्रकरण पात्र का अपात्र. कर्ज कुणाच्या नावावर होतं, जमीन कुणाच्या, तगादा होता का. आता विचार करा, नवरा गेला आणि घरात कागद आला "अपात्र". एक बाई मला म्हणाली होती, "मेलेला पण नापास केला." मी त्या घरी दुःखाबद्दल बोलायला गेले होते, ग्रीफ वर्क का काय ते, आणि तिला पाहिजे होतं सातबाऱ्यावर नाव, वारस नोंद, कारण दीर हालचाल करायला लागला होता. आम्ही तलाठ्याकडं तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत, तहसीलच्या बाहेर चहा पिताना, ती नवऱ्याबद्दल पहिल्यांदा बोलली. खोलीत बसून ती कधीच बोलली नसती. काही सहकारी म्हणतात हे काउन्सेलरचं काम नाही, सोशल वर्करचं आहे. मला ही वाटणी तालुक्याच्या ठिकाणी परवडत नाही. पण हेही खरं की मी तिच्या वतीने अर्ज लिहून सह्या घेऊन मोकळी झाले असते तर दोन तासांत काम झालं असतं, तिला बरोबर घेऊन तीन दिवस गेले. सही तिची, तलाठ्याशी बोलणं तिचं, मी फक्त शेजारी उभी. दुसऱ्या चकरेला तलाठी माझ्याकडं बघून बोलायला लागला तर तिनेच सांगितलं, "साहेब, जमीन माझी हाय, माझ्याकडं बघा."

आता इन्क्लुझिव्ह. या शब्दाची पोस्टरं फार झाली, इंद्रधनुष्य आणि व्हीलचेअरचं चित्र. माझ्या मते सुरुवात आडनावापासून करा. आपल्याकडं "कुठल्या तुम्ही, आडनाव काय" हा साधा प्रश्न नाहीये, तो जातीचा प्रश्न आहे आणि दोघांनाही माहीत असतं. फॉर्मवर पहिलाच रकाना संपूर्ण नावाचा. मी तो शेवटी भरते, आधी "तुम्हाला काय म्हणून हाक मारू" एवढंच. काही बायका आडनाव सांगताना आवाज बारीक करतात हे मी बघितलंय, आणि काही जणी उलट मलाच विचारतात "तुम्ही कोणाच्या?", तिथंही टाळाटाळ केली तर कळतं. आणि पाणी. केंद्रातले ग्लास सगळ्यांना सारखेच आणि मीही त्यातूनच पिणार, पेशंटसमोर. हसू नका, एका म्हाताऱ्या बाबांनी मला सहा महिन्यांनी सांगितलं की ते दुसऱ्यांदा आले ते त्या पाण्यामुळे.

कर्णबधिर मुलाचं एक प्रकरण माझ्या कायम लक्षात राहील. एकोणीस-वीस वर्षांचा, घरात चिडतो, वस्तू फेकतो म्हणून भाऊ घेऊन आला. मी प्रश्न विचारायचा, भाऊ दोन खुणा करायचा आणि उत्तर स्वतःच द्यायचा, भलंमोठं. मुलाचा चेहरा तापत चाललेला. मी भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकशी केली तर कळलं की पोरगा शाळेतच गेलेला नाही, त्याला ती भाषा येत नाही, फक्त घरातल्या खुणा येतात. म्हंजे दुभाषी मिळाला असता तरी उपयोग शून्य. मग मोबाईल. त्याच्या मोबाईलमध्ये फोटो होते. त्याने भावाच्या लग्नाचे फोटो दाखवले, मग स्वतःकडं बोट, मग हात झटकून "नाही". मग एका वेल्डिंगच्या दुकानाचा फोटो, तिथं तो काम करायचा आणि घरच्यांनी ते बंद करायला लावलं होतं, डोळे जातील म्हणून. राग कशाचा ते मला अर्ध्या तासात कळलं, भावाला तीन वर्षांत कळलं नव्हतं. भाऊ वाईट नव्हता बरं का, तोच तर घेऊन आला होता. पण २०१६ चा दिव्यांग कायदा एकवीस प्रकार मोजतो आणि घरातले लोक एकच मोजतात, "त्याला काय कळतंय".

तसंच मुलगा पुरुषांकडं आकर्षित होतो, किंवा मुलगा म्हणून वाढवलंय पण ती स्वतःला मुलगी म्हणते, अशा घरातले आईबाप येतात "बरं करा" म्हणून. इथं तुमची भूमिका डगमगता कामा नये. हा आजार नाही, आणि बदलण्याची ट्रीटमेंट देणं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलंय. स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या नालसा निकालात मान्य केलाय. हे आईबापांना शांतपणे सांगा, पण त्यांना उडवून लावू नका, त्यांची भीती लग्नाची, भावकीची, "लोक काय म्हणतील"ची असते आणि ती खरी असते. त्यांना वेगळी वेळ द्या, वेगळी फाईल करा. आणि मुलाला किंवा मुलीला दोन प्रश्न विचारा, तुला कुठल्या नावाने हाक मारू, आणि घरी फोन लावावा लागला तर कुठल्या नावाने बोलू. दुसरा प्रश्न विसरलात तर तुमच्या चांगुलपणामुळे पोर घरात उघडं पडेल. माझ्या एका सहकाऱ्याकडून असं झालेलं आहे, चांगल्या मनानेच झालं.

देवी अंगात येणं, करणी, बाहेरचं लागणं, यावर लांब बोलत नाही. हसायचं नाही आणि माना पण डोलवायच्या नाहीत. "देवी येते तेव्हा काय म्हणते, आणि येऊन गेल्यावर कसं वाटतं" हे विचारा, बऱ्याचदा देवी तेच बोलते जे बाईला बोलायची परवानगी नसते. साखळीने बांधणं, चटके, उपाशी ठेवणं चालू असेल तर मात्र थेट सांगायचं की हे थांबलं पाहिजे, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि विहिरीकडं निघालेल्या बैलांचं, म्हंजे जिवाला धोका असेल तेव्हाचं. पहिल्याच भेटीत, गप्पा सुरू व्हायच्या आधी मी सांगते, "इथलं बोलणं इथंच राहील, फक्त दोन ठिकाणी मला दुसऱ्याला सांगावं लागेल, तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि अठराच्या आतल्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर." पॉक्सोत, म्हंजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, ते कळवणं बंधनकारक आहे. हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो. जिवाचा विचार येतो का हे सरळ शब्दांत विचारा, "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बऱ्याच लोकांना हायसं वाटतं की कोणीतरी विचारलं. हो म्हणाले तर त्या दिवशी पंधरा मिनिटांचा नियम बाजूला, एकट्याला घरी पाठवायचं नाही, फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दुसऱ्याकडं हलवायचं, बरोबर कोण राहणार ते नावानिशी ठरवायचं, डॉक्टरला दाखवायचं. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तिथंच बसून तो नंबर सेव्ह करून द्यायचा. इथंही शक्य तेवढं विचारूनच, म्हंजे "कोणाला बोलावू, भावाला का मैत्रिणीला" हे त्याने ठरवायचं, बोलवायचं की नाही हे मात्र त्या दिवशी मी ठरवते आणि तसं तोंडावर सांगते. घरच्यांना पोलीस केसची भीती असते म्हणून ते लपवतात, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात.

जे येतच नाहीत त्यांच्यासाठी मी काय बदललं तर टाईम. आमची वेळ दहा ते पाच, आणि त्याच वेळेत मजूर रानात. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी गावात बसायला लागलो, आशाताईंच्या ओट्यावर. माझी खोली पहिल्या मजल्यावर होती, जिना उभा, मी टेबल खाली औषधांच्या स्टोअरशेजारी आणलं, तिथं उकडतं पण गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या यायला लागल्या. ऊसतोडवाल्यांना दसऱ्याच्या आधी भेटून घ्यायचं, एकदा टोळी निघाली की एप्रिलपर्यंत भेट नाही, आणि फोन करायचा तर फोन नवऱ्याकडं किंवा मुकादमाच्या माणसाकडं असतो. त्यामुळे फोनवर मी कोण म्हणून बोलायचं आणि बोलणं अवघड असेल तर तिने काय म्हणायचं हे निघायच्या आधी तिच्याकडूनच ठरवून घेते. एकीने ठरवलं होतं "शेळी व्यायली का" असं मी विचारायचं, आणि ती "अजून नाही" म्हणाली तर समजायचं की बरं चाललेलं नाही, मंगळवारी परत फोन कर.

पंधरा मिनिटांचं शेवटी एवढंच की तुमच्या साहेबांकडं नवीन पेशंटसाठी तीस आणि जुन्यासाठी दहा अशी मागणी करून बघा. आमच्याकडं दोन वर्षं भांडून ते मिळालं. तोपर्यंत पहिल्या भेटीत सगळा फॉर्म भरायचा नाद सोडा, नाव, गाव, धोका आहे का, आणि परतीची गाडी कितीची, एवढंच घ्या, बाकीचे रकाने दुसऱ्या भेटीत भरले तरी कोणी फासावर देत नाही. मला एकदा मेमो आला होता, उत्तर दिलं, विषय संपला.